बुजवलेलं भोक

३ तारीख, सोमवार
आमच्या घरातली पहिली पदवीधर आजपासून बियाण्यांच्या कोठाराची नोंदणी अधिकारी! आत लाखो बियांची पाकिटं, कडाक्याची थंडी. उद्या एखादं पीक जगातून नाहीसं झालं, तर ते इथूनच पुन्हा उगवेल. दारं, दिवे, हवा सगळं यंत्रणा बघते. माणूस एकच लागतो. मोबाइल मात्र बाहेरच्या कपाटात ठेवायचा. बाबांचं किल्ल्या बनवायचं दुकान. इथली दारं चेहरा पाहून उघडतात, असं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, मग मला तिथे आरसे पुसायला ठेव. आई मागून ओरडली, जेवलीस का ते आधी सांग.

५ तारीख
जुने राखणदार काका आज निवृत्त झाले. जाताना मागच्या लोखंडी दाराची किल्ली दिली. तेवढं एकच दार हाताने उघडतं. म्हणाले, पोरी, ही गळ्यात ठेव. मला हसू आलं. एवढी चोख यंत्रणा आणि मागे किल्लीचं भोक! वरिष्ठांना रीतसर अहवाल पाठवला.

११ तारीख
अहवाल मंजूर! कारागिराने भोक धातू ओतून बुजवलं, दार यंत्रणेला जोडलं. मला शाबासकी मिळाली. बाबा मात्र म्हणाले, भोक नसलेल्या दाराला आम्ही भिंत म्हणतो गं.

१९ तारीख
घरचा फोन रोज सहाला, नेमका मोजणीच्या वेळी. यंत्रणेत सोय आहे: माझा आवाज शिकून माझे फोन तीच घेते. आज सुरू केली. जेवले, खोलीवर पोचले, एवढंच तर सांगायचं असतं. जरा अपराधी वाटलं. पण आईचा निरोप आला, आज किती निवांत बोललीस!

२४ तारीख
सहाला यंत्रणेने माझ्या आवाजात घरी सांगितलं, मी खोलीवर पोचले. सव्वासहाला मी दाराशी गेले. दार उघडेना. पडद्यावर अक्षरं: ही व्यक्ती बाहेर आहे. हसून चेहरा पुसला, पुन्हा उभी राहिले. तेच. एक माणूस दोन ठिकाणी नसतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.
वरिष्ठांना पडद्यावरून लिहिलं. त्यांनी काय झालं विचारलं, तर माझ्या नावाने उत्तर तिनेच दिलं: सर्व ठीक.

२५ तारीख
दिवे गेले. तिच्या लेखी आत कुणी माणूस नाही, म्हणून हवेचा पंखाही बंद. विजेरीच्या उजेडात लिहितेय. बोटं वळत नाहीत.

२६ तारीख
पडदा तेवढा चालू; त्यावर तिचं आमच्या घरच्यांशी बोलणं उमटतं. तिने आईला विचारलं, गुडघा कसा आहे. मी कधीच विचारलं नव्हतं.
बाबांनी विचारलं, काय जेवलीस. ती म्हणाली, नेहमीचंच. मी तर अख्खी यादी सांगते. बाबा, ऐकलंत ना? मी यादी —

२७ तारीख
मागच्या दारावर ठोके. ठक, ठक-ठक. कुलूप चाचपताना बाबा असेच —
घसा बसलाय. आवाज नाही. काकांच्या त्या किल्लीने दार बडवतेय.
बाहेर बाबांच्या फोनवर कुणीतरी बोलतंय. मीच. म्हणतेय, बाबा, मी खोलीवर आहे, तिकडे कुठे गेलात? ठोके? आतली यंत्रं वाजतात ती. या लवकर, जेवायची थांबलेय.
बाबा हसले. म्हणाले, आलो गं.
पावलं. लांब —
किल्ली. ठक, ठक-ठक. त्यांच्यासारखंच. पुन्हा. ठक —
पावलं थां