अर्धा पिझ्झा, माझ्या बाजूचा

६ मार्च, शुक्रवार

लिही — कोंबड्याचा बर्गर, पैसे पाण्यात! हे आधी. बाकीचं मागून.

नातीला अट घातलीय. हात तुझा, तोंड माझं. मधे बोलायचं नाही, माझं बोलणं सुधारायचं नाही, आणि लिहून झालं की विसरून जायचं. मला अक्षर येत नाही. दुकानंसुद्धा मी पाटीवरच्या चित्रावरून ओळखते. कोंबडा म्हणजे चौकातलं. छत्री म्हणजे औषधांच्या दुकानाशेजारचं. आणि बुटका म्हणजे बुटका — त्याच्या पाटीवर चित्रच नाही. मालक स्वतः उभा असतो, काउंटरच्या वर नाकापर्यंत दिसतो, तेवढी खूण पुरे.

तर कोंबडा. पाटीवर बर्गर केवढा — दोन मजली, गच्चीसकट! कागदातून निघाला तो वाटेत कुणीतरी त्यावर बसून आल्यासारखा. आत हिरवं पान एक, तेही मान टाकलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

पण ह्यांनी खाल्ला. अख्खा. दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी संपवलं. मी शिजवलेलं मऊ-मऊ दोन घास खाऊन लोटतात, आणि तो चपटा पाव उजव्या हातात धरून शेवटच्या कणापर्यंत! मला ‘घे’ म्हणाले नाहीत. ताटात माझ्या बाजूला बटाट्याच्या काड्या होत्या, त्यांना मात्र हात लावला नाही. त्या माझ्या म्हणायच्या. खाल्ल्या. मीठ जास्त.

पुढच्या शुक्रवारी पिझ्झा आणायचं ठरलंय.

१० मार्च, मंगळवार

ह्यांना सगळे मापसाहेब म्हणतात. नोकरीभर दुकानादुकानांतून वजनं-काटे तपासत फिरले. ह्यांना बघून बाजारातल्या तराजूंना घाम फुटायचा. खाण्याच्या पदार्थाला, चपलेला, पाहुण्यांच्या बडबडीला, सगळ्याला ह्यांचे दोनच शेरे — ‘पैसे वसूल’ नाहीतर ‘मापात पाप’.

लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा विचारलं, ‘आणि मी हो? वसूल का?’

हे म्हणाले, ‘काटा अजून हलतोय.’

तेव्हा फुगून बसले होते. मग तो आमचा खेळच झाला. वर्षातून एकदा तरी मी विचारायचं, ह्यांनी चष्मा पुसायचा, निरखून बघायचं आणि म्हणायचं, ‘काटा अजून हलतोय.’ पोरं मोठी झाली, केस गेले, दात गेले. काटा काही थांबला नाही!

मग ह्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली आणि डावा हात-पाय ढिला पडला. वाचा शाबूत आहे. नातीशी बोलतात. खिडकीशी बोलतात. माझ्याशी नाही. जेवायच्या टेबलाशी मी ह्यांच्या शेजारी बसते, जन्मभर बसत आले त्याच खुर्चीवर, ओट्याकडच्या. काही विचारलं तर एखादा शब्द टाकतात, तोही खिडकीकडे बघून. घरात पाहुणा आलाय आणि त्याला यजमानीण आवडलेली नाही, असं चाललंय.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ‘डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतंय, लक्ष असू द्या.’ मी आणि दुर्लक्ष! सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करून डावा हात चोळते, डावा पाय चोळते. उजव्याला कधी बोट लावलं नाही. आणखी किती लक्ष देऊ?

मला एवढंच कळायला हवंय — माझा माणूस आत आहे, की नुसतं अंग घरी आलंय.

१३ मार्च, शुक्रवार

अगं, लिही, लिही! पटपट!

छत्रीचा पिझ्झा. खोका हत्तीचा, आत उंदीर. कड एवढी जाड की मधल्या चीजपर्यंत पोचता पोचता पोट भरतं. सोबत थंड पेय फुकट — फुकट म्हणजे काय, त्या कडेतून वसूल केलंय मेल्यांनी. मापात पाप.

पण ते सोड. हे बसले, खोका पुढ्यात. एक तुकडा घेतला, मग दुसरा, मग पुढचा. मी आपली बघतेय. आणि बरोबर मध्यावर आले आणि थांबले! हात पुसला. सुरीनं कापावा तसा अर्धा शिल्लक. माझ्या बाजूचा!

नात म्हणाली, ‘आजोबा, झालं?’

‘झालं,’ म्हणाले, ‘संपला.’

संपला म्हणे! ह्यांच्या वाट्याचा संपला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बाहेर खायला नेलं होतं, तेव्हाही असंच. एकच पाव घेतला होता, आणि हे अर्ध्यावर थांबून म्हणाले होते, ‘माझं पोट भरलं.’ घरी येऊन घागरभर पाणी प्यायले.

आत आहेत. माझा माणूस आत आहे!

(हे लिहिताना नातीचा हात थांबला. म्हटलं, काय गं? म्हणे, पेन चालत नाहीये. नवीन घे म्हटलं, रडतेस काय पेनासाठी.)

१४ मार्च, शनिवार

माझा अर्धा सकाळी गार खाल्ला. चामडं. फार छान लागला.

१७ मार्च, मंगळवार

ह्यांचा जुना तराजू माळ्यावरून काढून घेतला. पितळी, दोन पारड्यांचा. म्हटलं, कोंबड्याचा बर्गर आणून ह्यांच्यापुढे तोलू, जुना साहेब जागा होईल. एका पारड्यात बर्गर, दुसऱ्यात वजनं.

हे बघत राहिले. मग चिडले. ‘नादुरुस्त आहे हा. जप्त करा.’

‘नादुरुस्त कसा हो?’

‘एकच पारडं आहे. दुसरं कुठाय?’

नातीनं मान खाली घातली. मी हसले. म्हटलं, थट्टा सुचायला लागली, म्हणजे बरे होताहेत! बर्गर मात्र उचलून खाल्ला. बर्गरमध्ये भागीदारी नाही, असं दिसतंय. ती फक्त पिझ्झ्यात.

२० मार्च, शुक्रवार

बुटक्याचा पिझ्झा. आता ह्याला म्हणतात माल! कड पातळ, मधला भाग भरगच्च, चीज ओढलं तर तार तुटत नाही. खोका साधा, त्यावर चित्र नाही, ऑफर नाही, एकावर एक फुकट नाही. मी विचारलं, ‘फुकट काही नाही का रे?’ तर बुटका म्हणतो, ‘मावशी, फुकटाचे पैसे मला पिझ्झ्यातून काढावे लागतील.’ सरळ माणूस. वर मिरच्यांची पुडी जास्तीची दिली, मी न मागता. हे तिथे तपासायला गेले असते तर पाठ थोपटून आले असते.

आणि पुन्हा अर्धा! नेमका मध्यावर! इतका चांगला पिझ्झा, भूकही लागलेली, तरी माझा अर्धा राखला. मी खाल्ला आणि धीर करून विचारलं, ‘आणि मी हो? वसूल का?’

हे खिडकीकडे बघत होते.

दुसऱ्यांदा विचारलं. ऐकू आलं नसेल.

असू दे. अर्धा ठेवलाय ना. तोंडानं नाही बोलत, पिझ्झ्यानं बोलतात.

२७ मार्च, शुक्रवार

व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंना आज उशीर झाला. म्हटलं, थांबा, आमच्याबरोबर खा. बुटक्याकडून मागवला. हे मध्यावर येऊन थांबले.

बाई बघतच राहिल्या. ‘आजी, हा अर्धा कुणाचा?’

‘माझा,’ म्हटलं. आणि लाजले. ह्या वयात!

बाईंनी खोका धरला आणि गर्रकन फिरवला.

हे म्हणाले, ‘अरे! अजून आहे?’

आणि खाल्ला. सगळा. माझा सगळा.

बाई मला समजावून सांगत होत्या, हळू आवाजात. ‘डोळे चांगले आहेत त्यांचे, आजी. पण डाव्या बाजूलाही काही आहे, हे डोक्याला उमगतच नाही. त्यांच्या लेखी पिझ्झा तिथेच संपतो. ताट फिरवत जा, म्हणजे पोटभर खातील. चांगली गोष्ट आहे.’

हो, चांगली गोष्ट आहे. पोटभर जेवले.

२८ मार्च, शनिवार

आज काही नाही. तसंच लिही — काही नाही.

३१ मार्च, मंगळवार

नातीला ठाऊक होतं. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज मीच खोदून काढलं. म्हटलं, त्या दिवशी पेन बंद पडलं होतं ना, ते दाखव. तर हमसाहमशी रडायला लागली.

‘आजी, तू इतकी खूश होतीस! मला नाही सांगता आलं.’

गाढव. मीही नसतं सांगितलं. (हे लिही. गाढवसुद्धा लिही.)

ताट फिरवून देते आता. हे जेवतात. अंगावर थोडं मांस दिसतंय. मी जळफळले होते ते कशावर, तर माणूस पोटभर जेवला म्हणून! माझे दोन आठवडे मात्र वसूल झाले होते. माप खोटं निघालं, पण गार पिझ्झा खाताना ते मला ठाऊक नव्हतं. तेवढं खरं.

मग नात म्हणाली, डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या ते दुर्लक्ष तुझं नव्हे, आजोबांचं. त्यांच्याकडूनच डावीकडे दुर्लक्ष होतंय.

अस्सं! आणि मी महिनाभर तेल चोळतेय! ‘होतंय’ म्हणे. कुणाकडून होतंय तेवढं सांगायला काय तोंड दुखत होतं? नात हसली. मीही हसले. नाक लाल, डोळे लाल, दोघी टेबलाशी बसून खो-खो.

बिचारे. काय काय हरवलं असेल डावीकडचं. आपलाच हात. अर्धं ताट. तराजूचं पारडं — ते थट्टा करत नव्हते गं, त्यांना खरंच दिसलं नाही! त्या बाजूचा ओटा, त्या बाजूची भिंत, त्या बाजूची

थांब.

मी कुठे बसते गं?

२ एप्रिल, गुरुवार

आज व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा विचारून घेतलं. म्हणाल्या, ‘खुशाल उजवीकडे बसा. ओळख पटू द्या. मग रोज वीतभर डावीकडे सरका, तुमच्यामागून त्यांची नजर येईल.’

नजर माझ्यामागून येईल! लग्नाआधी यायची तशी.

खुर्ची आज हलवली नाही. धीर होईना. त्या बाजूला मला बघूनही खिडकीकडेच वळले तर?

३ एप्रिल, शुक्रवार

बुटक्याचा आणला. मी खिडकीकडच्या बाजूला जाऊन बसले.

ह्यांनी तुकडा उचलला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले —

‘अगं! कुठे होतीस इतके दिवस?’

म्हटलं, इथेच. डावीकडे.

पिझ्झा गार झाला. चीजचा दगड. कुणी हात लावला नाही. मी पदरानं ह्यांचा चष्मा पुसला, नाकावर ठेवला, आणि विचारलं.

‘काटा अजून हलतोय,’ म्हणाले.