तळ्याकाठच्या घरातली मोडतोड

३ मे

घोर अन्याय! ज्या मनुष्यानं लहानपणी अकरा वर्षं संस्कृतची रूपं आणि सूत्रं घोकली, पुढे सत्तावीस वर्षं वार्ताहर म्हणून लोकांची भाषणं उभ्यानं ऐकली, त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षी दुमजली पलंगाचा वरचा मजला! खालचा मजला कन्येनं बळकावला. वय वर्षं चौदा.

"मला उंचीची भीती वाटते, बाबा."
"कधीपासून?"
"आत्तापासून."

दाद मागायची कुणाकडे? पंधरा वर्षं हे तळ्याकाठचं घर आम्ही मे महिन्यात दहा दिवस भाड्यानं घेतो. पंधरा वर्षं, कोण कुठे झोपणार, भाजी कोण चिरणार, होडी कोण धुणार याचा तक्ता दादा करतो आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. त्यावर अपील नाही. यंदा दार कोरं आहे.

दादा आला आहे. म्हणजे त्याला आणलं आहे. माझा थोरला भाऊ – कारखान्यात देखभाल विभागाचा फोरमन, बंद पडलेलं यंत्र त्याच्या हातून चालू होऊनच परत जायचं – जानेवारीत एका सकाळी कामावर निघताना पलंगाच्या कडेला बसला, एक मोजा घातला, आणि दुसरा हातात धरून दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. वहिनीला आधी वाटलं, मोजा फाटला असेल. चार महिने झाले. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, जिथे त्यांना बरं वाटायचं तिथे घेऊन जा.

म्हणून हे घर. म्हणून वरचा मजला. असो.

४ मे

दादाची खुर्ची तळ्याकडे तोंड करून ठेवली. सकाळी साडेआठपासून बसला आहे. तळं समोर, नजर गुडघ्यावर.

५ मे

दंतवैद्याची योजना! हा दादाचा शाळेपासूनचा दोस्त. दरवर्षी आमच्याबरोबर येतो, दरवर्षी सगळ्यांच्या जबड्यांत डोकावतो, आणि मला 'शास्त्रीबुवा' म्हणतो. तळ्याच्या काठावर आम्हाला गोळा केलं – ही, वहिनी आणि मी.

"हा माणूस मोडकं बघू शकत नाही. माझ्या लग्नात जेवण सोडून कार्यालयाचा पंखा खोलून बसला होता! तेव्हा आपण मोडायचं. तो उठेल. एकदा उठला की झालं."

मी पूर्वपक्ष मांडला – घर दुसऱ्याचं आहे. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. या बाईनं उभ्या आयुष्यात कपाचा टवका उडू दिलेला नाही.

"घरमालकिणीला मी तोंड देईन, भावजी. तुम्ही मोडा."

आरंभ स्वयंपाकघराच्या नळापासून. दंतवैद्यानं वॉशरचा लचका तोडला. "दाढेपेक्षा सोपं. नळ बोंबलत नाही." टप. टप. टप. दुपारी दादा पाणी प्यायला आत आला. आम्ही चौघं एकाच पातेल्यात काहीतरी शोधू लागलो. त्यानं नळाकडे पाहिलं. पेलाभर पाणी प्याला. गेला.

"पाहिलं तरी!" ही म्हणाली. आशेला काय, पेलाभर पाणीही पुरतं.

६ मे

आज खुर्ची मोडण्याची कामगिरी माझ्यावर. मी आयुष्यात खिळा ठोकलेला नाही, आणि आता कळलं की काढणंही विद्याच आहे. पाऊण तास झटलो. खुर्ची शाबूत, अंगठा फुटला. शेवटी तिच्यावर उडी मारली. त्याच क्षणी कन्या आत आली.

"काय करताय, बाबा?"
खरं सांगावं लागलं. ऐकून हसली नाही.
"काकाला कळणार नाही असं वाटतं तुम्हाला? काका आजारी आहे. मठ्ठ नाहीये."

तीन पायांची खुर्ची दादासमोर आडवी ठेवली. तो तिला वळसा घालून जेवायला आला.

७ मे

पराक्रमांची यादी. नळ (गळका). खुर्ची (लंगडी). न्हाणीघराचा दिवा (दंतवैद्य; स्वतःला झटका बसला, दोन तास गप्प होता – एवढाच लाभ). खिडकीची कडी (ही). होडीच्या वल्ह्याचा आकडा (वहिनी, स्वहस्ते).

अंधारात अंघोळ करतो, खिडकी दोरीनं बांधतो, होडी काठाला. सहातला एक उभ्यानं जेवतो. पंधरा वर्षांत या घरात इतके हाल कधी काढले नाहीत. दादा बसून आहे. जेवायला हाक मारली तर येतो. पानात वाढलं ते खातो. विचारलं तर 'हो' म्हणतो. पूर्वी हाच माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर दोन दिवस टोमणे मारायचा. वहिनीनं आज मुद्दाम मीठ घातलं नाही. संपवली त्यानं.

आम्ही बाकीच्यांनीही संपवली.

८ मे

नळ थांबला!!

सकाळी सहाला मी चहाला उठलो तर शांतता. तोटी कोरडी. खोलून पाहायची माझी प्राज्ञा नाही, दंतवैद्यानं खोलली. आत रबराचा नवा वॉशर – जुन्या चपलेच्या टाचेतून कापलेला, कडा घासून गोल केलेल्या. दंतवैद्य ती चकती चिमटीत धरून उभा, आणि त्याचे डोळे भरलेले! "ही त्याचीच विद्या रे. दुसऱ्या कुणाची नाही."

ही रडली. कन्यासुद्धा जाऊन काकाच्या पायाशी बसली. ठरलं – कुणी विचारायचं नाही, कौतुक करायचं नाही, जणू काही झालंच नाही. वहिनीनं गोड केलं. आम्ही सगळे फार मोठ्यानं बोलत होतो.

दादा त्याच खुर्चीत. पण मला वाटलं, आज नजर गुडघ्याच्या जरा वर होती. वार्ताहराची नजर आहे, चुकत नाही असं म्हणतात.

९ मे

चुकते.

दुपारी भांडी घासताना वहिनी एकदम म्हणाली, "भावजी, तो वॉशर मी केला."

मी थाळी पुसायला घेतली.

"पहाटे जाग आली. ते टप टप ऐकवेना. वाटलं, हे माझ्या डोक्यातच गळतंय. तीस वर्षं यांच्या हातात पाने-पकडी देतेय, एवढं येतंच की मला. केलं आणि जरा झोपले. उठून बघते तर तुम्ही सगळे... दातांचे डॉक्टर तर रडायलाच लागलेले. कोणत्या तोंडानं सांगू?"

"दादाला माहीत आहे?"

"काय माहीत. त्यांनी नळ थांबल्याचंही विचारलं नाही."

म्हणाली, इतरांना सांगू नका, सुटीचे तीन दिवस उरलेत. आणि मग, पातेलं घासत, माझ्याकडे न बघता – "गोड करताना माझंच मला खरं वाटायला लागलं होतं."

थाळी तीनदा पुसली मी.

१० मे

दंतवैद्याचा उत्साह अनावर. यश मिळालं, आता मात्रा वाढवा! दाराची बिजागरी काढायला निघाला होता. कसंबसं थोपवलं. कारण सांगता येईना. "शास्त्रीबुवा, तुमचा मुळात कशावर विश्वासच नाही," म्हणाला.

दुपारी दादाशेजारी जाऊन बसलो. तासभर तळं बघितलं. मग तोच बोलला. चार महिन्यांत एका दमात इतकं बोललेला मी ऐकलेला नाही. आठवेल तसं उतरवून ठेवतो –

"छोट्या, तोडणं थांबवा आता."

मी फुटका अंगठा मुठीत लपवला.

"तुझी खुर्ची सर्वांत वाईट मोडली आहेस. उडी मारलीस ना? सांध्यातून निघाली असती. पायच फाटला. वॉशर हिनं केला. मी करतो तेव्हा कड आतून कापतो. हिनं बाहेरून कापली. बरी केली आहे."

"मग तू का नाही –"

"सगळं दिसतं रे. खुर्चीला कुठे खाच पाडायची, खुंटी किती लांब, कुठलं लाकूड. आकडा कसा वाकवायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतं. हात उठत नाही. दुखत नाही. कंटाळाही नाही. दिसणं आणि उठणं यांच्यामध्ये काहीतरी असायचं. ते नाही."

"डॉक्टर म्हणतात वेळ लागतो."

"म्हणतात." आणि मग: "हिला सांग, भाजीत मीठ घालत जा. कळतं मला."

मी म्हटलं सांगतो. दोन भाषांत मिळून हजारभर सुभाषितं पाठ आहेत. एकही जवळ फिरकलं नाही.

१२ मे

परत. काल दिवसभर मोडलेलं जोडलं. दंतवैद्यानं आकडा दोनदा उलटा लावला. खुर्ची गाडीत घालून सुताराकडे न्यावी लागली, तो म्हणाला, "हे कुणी केलं?" कन्या म्हणाली, "बाबांनी. वेळ लागला त्यांना." न्हाणीघरात दिवा लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या – दंतवैद्याला अजून वाटतं, नळापासून सुरुवात झाली आहे, पुढच्या वर्षी बघा. वहिनी 'हो' म्हणाली. मीही.

गाडीत बसवताना दादाचा एक बूट निसटला. त्यानं त्याच्याकडे पाहिलं. हिनं वाकून घातला.

१५ मे

घरी. कार्यालयातून सकाळपासून तीन फोन.

ही वही सोडली तर मार्चपासून मी एक ओळ लिहिलेली नाही. कार्यालयाला वाटतं, मोठ्या वृत्तमालिकेच्या मागे आहे. घरी वाटतं, कार्यालयात आहे. बातमी दिसते – मथळ्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. टेबलाशी बसतो आणि उठायची वेळ होते. तळ्याकाठी दादा बोलला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. तेव्हापासून भीती वाटते आहे – दादाची नाही, माझी.

हिला सांगायला हवं. कसं सांगायचं, तेही सगळं दिसतं.