बार्लीतलं हिरवं वर्तुळ

लंडन, ऑगस्ट १९७६

प्रिय बाबा,

मी ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नका.

चार दिवस माझं मन थाऱ्यावर नाही. यंदाच्या दुष्काळात विमानातून काढलेले फोटो आमच्या पुरातत्त्व कचेरीत आलेत, आणि त्यात आपलं चर्चमागचं शेत आहे. बार्ली जिथं आधी वाळून पिवळी पडलीय, तिथं मातीखाली रोमन घराच्या दगडी भिंती आहेत. त्यांच्यावरून मध्ययुगातल्या गावाचा रस्ता गेलाय. तुमचा नांगर तिथंच का अडतो ते आता कळलं. तुम्ही उगाच ट्रॅक्टरला शिव्या घालत होता.

पण कोपऱ्यात एक हिरवंगार वर्तुळ दिसतं; खाली बुजलेला खोल खड्डा असला की तिथं ओल टिकते. आमच्या मुख्य पार्फिटबाई म्हणाल्या, "बघ हेस्टर, रोमन विहीर. सप्टेंबरात आधी इथंच खणू." मी नुसती मान डोलावली. शेत आपलं आहे, हेही बोलले नाही.

विहीर रोमन असेलही. पण आपला विल्फ तिच्यात पडून गेला आणि चौथ्या दिवशी तुम्ही ती बुजवलीत. त्याची सायकल तुम्ही आत टाकताना मी खिडकीतून पाहिलं होतं. आईला तुम्ही ती कुणाला तरी दिली म्हणून सांगितलंत. आई अजून त्या सायकलीचं विचारते का?

नकाशा शुक्रवारी द्यायचाय. भिंती, रस्ता, सगळं मी शाईनं काढलंय. वर्तुळ अजून पेन्सिलीतच आहे.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
हेस्टर