परार्धावर लाभ

आण्णा,

काल संध्याकाळी आमच्या मारुंजीच्या सोसायटीत लिफ्ट बंद होती. माझी मुलगी आणि तिची शेजारची मैत्रीण जिन्यात बसून मोठ्यात मोठा आकडा सांगायचा खेळ खेळत होत्या. मी भाजीची पिशवी घेऊन चढत होते. माझी म्हणाली, "ट्रिलियन." दुसरी म्हणाली, "ट्रिलियन ट्रिलियन." माझी म्हणाली, "इन्फिनिटी," आणि जिंकल्यासारखी भिंतीला टेकली. मैत्रिणीनं थोडा विचार केला नि म्हणाली, "इन्फिनिटी प्लस वन." मुलीनं माझ्याकडे वळून विचारलं, "आई, असं चालतं का? ही चीटिंग आहे ना?" मी म्हटलं, "तुमचा खेळ, तुम्ही ठरवा," आणि वर आले. भाजीची पिशवी तशीच ओट्यावर ठेवली आणि हा कागद पुढ्यात घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यावरचा राग संपला असेल असं मी धरून चालले होते.

घोटावड्याचं आपलं खळं आठवतं. शेणानं सारवलेलं, मधोमध भाताची रास, आणि पायातलं काढून मापाला बसलेले तुम्ही. पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, पोत्यात रिकामी करायची. मी पोत्याचं तोंड धरून मोजते आहे. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. एकदा मी विचारलं, "आण्णा, एक का न्हाई म्हणायचं?" तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "रास ऐकती गं. एक म्हणलं की तिला वाटतं, ह्यांचं एकात भागतंय." तुम्ही फक्त भातच नाही, सगळंच असं मोजायचात. पेंढ्या, म्हशी, पंगतीतली पानं. त्यामुळे शाळेत गुरुजींनी अंक म्हणायला उभं केलं तेव्हा मी मोठ्यानं "लाभ, दोन, तीन" असं सुरू केलं आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडले तर तुम्ही म्हणालात, "हसू दे. त्यांच्या घरची रास ल्हान आसंल."

खेळ तुम्हीच शिकवलात. दुपारची भाकरी झाली की बांधावर, आंब्याच्या सावलीत. एकानं आकडा सांगायचा, दुसऱ्यानं त्याहून मोठा. ज्याला सुचणार नाही तो हरला. तुम्ही चौथीपर्यंतच शिकलेले, पण आकड्यांची नावं तुम्हाला आरतीसारखी पाठ. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, पद्म, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मी विचारायची, "अंत्य म्हंजी शेवट ना? मग त्याच्या फुडं मध्य कसा काय?" तुम्ही म्हणायचात, "मोठ्यांच्या गावाला शेवटाच्या फुडं निम्मी वाट ऱ्हाती." ती नावं मी तुम्हाला हरवण्यासाठी पाठ केली. ज्या दिवशी परार्ध आधी माझ्या तोंडून गेला, त्या दिवशी मी बांधावर उडीच मारली. तुम्ही शांतपणे तंबाखू मळत म्हणालात, "परार्ध, आन् वर लाभ." मी चिडून म्हटलं, "ह्ये न्हाई चालत." तुम्ही म्हणालात, "का न चालाया? रास कवा संपती व्हय?" माझा धाकटा भाऊ बाजूला चिंचोके उडवत बसलेला असायचा. त्याला हा खेळ कधीच कळला नाही आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

दहावीचं वर्ष होतं. मला अकरावीला पुण्याला जायचं होतं, मावशीकडे राहून, शास्त्र शाखेला. गणित सोडून मला दुसरं काही नको होतं. आई म्हणाली, तुझ्या आण्णांना विचार. दिवाळीनंतर मळणी उरकली होती, खळ्यावर चुलते होते, शेजारचे दोघं-तिघं होते, चहा चालला होता. मी तिथंच विचारलं. एवढ्या माणसांत विचारायला नको होतं हे मला आता कळतं. तुम्ही बशीतून घोट घेतलात आणि डोळे मिचकावून म्हणालात, "मला हरीव. हरीवलंस तर जा." सगळे हसले. मी हसले नाही. मी मापाच्या जागी मांडी घालून बसले.

आपण भराभर चढत गेलो. चुलते मध्येच म्हणाले, "ह्ये काय, बापलेकीचं पाढ्यांचं भजन?" तुम्ही परार्धावर पोचलात. मी म्हटलं, "परार्धाला परार्धानं गुणलं." तुम्ही म्हणालात, "त्याच्यावर लाभ." मी म्हटलं, "तुमी आता जे काय म्हणाल, त्याच्यावर लाभ." तुम्ही तोंड उघडलंत. मग मिटलंत. पुन्हा उघडलंत. चुलते मांडीवर थाप मारून म्हणाले, "गेला! आरं पोरीनं बाप दाव्याला बांधला की!" तुम्हीही हसलात. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि चार माणसांसमोर म्हणालात, "हारलो बाबा." तो हात मला अजून डोक्यावर जाणवतो. त्या हातावर मी ते उरलेलं वर्ष अभ्यास केला.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात मी शाळेत पहिली होते. तुम्ही गोठ्यात दावं वळत होता. मी म्हटलं, "आण्णा, मावशीला निरोप धाडायचा ना?" तुम्ही विचारलंत, "कसला?" मी खळ्यावरच्या बोलण्याची आठवण करून दिली. तुम्ही दाव्याचा पीळ घट्ट करत म्हणालात, "खेळातलं बोलणं खेळात. गंमत व्हती ती." मी म्हटलं, "मग तवाच सांगायचं, गंमत हाय म्हणून." तेव्हा तुम्ही वर पाहिलंत. "लई त्वांड चालाय लागलंय तुझं. चार माणसांत बापाला गप केलंस, तेवढं पुरं न्हाई झालं?" आई दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. ती तशीच परत फिरली.

मी जवळच्या कॉलेजात एसटीनं गेले. तिथं फक्त कला शाखा होती. पुढं मराठी घेतलं, आज मराठीच शिकवते, लिहिते, आणि लोक म्हणतात तुमच्या घरात वाचनाचं वातावरण असणार. नंतर धाकट्याला तुम्ही पुण्याला घातलंत, त्याच मावशीकडे, त्याच शाखेला. ट्रंक भरताना तो मला म्हणाला, "ताई, तू जा की माझ्याऐवजी. मला त्यातलं घंटा कळत न्हाई." तो खरंच मनापासून बोलत होता. वर्षभरात तो परत आला. तुम्ही त्याला एका शब्दानं बोलला नाहीत. आता त्या खळ्याच्या जागी त्यानं भाड्याच्या खोल्या बांधल्यात, कंपनीतली मुलं राहतात. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो मला अजून दर दिवाळीला तांदूळ आणून देतो.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि हळूहळू थोडं परत आलं. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक तरुण डॉक्टरीण यायची. ती म्हणाली, "बाबा, एक ते दहा म्हणा बरं." तुम्ही म्हणालात, "लाभ." मग दोन, तीन, चार, अडखळत पण बरोबर. ती म्हणाली, "पुन्हा एकदा. एक..." तुम्ही म्हणालात, "लाभ." तिनं धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की काही शब्द पुसले गेलेत, 'एक' हा शब्द आठवत नाहीये त्यांना. त्यानं मान हलवली. तो कधी मापाला बसलाच नव्हता. मी म्हटलं, "पुसलं काही नाही. ते असंच मोजतात." तिनं माझ्याकडे नातेवाइकांकडे बघतात तसं पाहिलं.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी तुमच्यासाठी मोसंबी सोलत होते. का कुणास ठाऊक, मी म्हटलं, "परार्ध." तुम्ही छताकडे पाहत होता. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग वाकडं झालेलं तोंड हललं. "वर... लाभ."

आण्णा, तोवर मी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. शेतीचा व्याप, दहा काळज्या, खळ्यावरचं एक बोलणं माणूस विसरतो. विसरणं काही गुन्हा नाही. त्या समजुतीवर मी संसार केला, तुमच्याकडे सणावाराला आले, तुमच्या पाया पडले. तुमच्या त्या दोन शब्दांनी ती माझ्याकडून काढून घेतली. निम्मं अंग गेलं होतं आणि खेळ जागच्या जागी होता. म्हणजे खळंही तुमच्या ध्यानात होतं. डोक्यावरचा हातही होता.

माझी पाळी होती. उत्तर माझ्या जिभेवर होतं, तेच, ज्याच्यापुढं तुमचं कधी काही चाललं नसतं. मी म्हटलं, "हारले, आण्णा." तुम्ही गेल्यावर दहाव्याला मी हे बायकांना सांगितलं, शेवटच्या वेळी त्यांना जिंकू दिलं म्हणून. सगळ्यांनी डोळे पुसले. पुढं एका दिवाळी अंकातही मी ते तसंच लिहिलं, आणि लोकांनी पत्रं पाठवून माझ्या मायेचं कौतुक केलं.

हा कागद कुठं जाणार नाही. तुम्ही असता तरी मी तो तुमच्या हातात दिला नसता, तुम्ही त्यालाही गंमत म्हणाला असता. म्हणून इथं खरं लिहिते. मी तुम्हाला जिंकू दिलं नव्हतं. मी हारले म्हटलं, कारण मला वाटलं तुम्ही मान हलवाल आणि म्हणाल, न्हाई, तवा तू जिकली व्हतीस. तुम्ही ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसलात आणि डोळे मिटलेत. मी मोसंबीची साल हातात धरून बसून राहिले, जेवायला गेलेली माणसं परत येईपर्यंत.