बगळ्यावरचं वॉर्निश

ता. २ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांचं पत्र काल आलं. चार पानांतली तीन तुझ्या कौतुकाची, बायकोच्या वाट्याला उरलं एक. ह्यांचा ट्रक रंगायला नेमका तुमच्या शेडमध्ये यावा आणि तोही तुझ्याच हाताखाली, हे मला अजून खरं वाटत नाही. चालकांमध्ये ह्यांचा भाव चांगलाच वधारलाय म्हणे. त्यांच्या तुकडीची खूण बगळा आहे ना, तर बाकीच्यांच्या दारावरचे बगळे दुखणाईत कोंबड्यांसारखे दिसतात आणि ह्यांचा आता उडेल की मग उडेल असा. मेहुण्यांनी ट्रक नवरीसारखा नटवून दिला, असं सगळ्यांना सांगत फिरतात.

इकडे तुझं पाट्यांचं दुकान चालू आहे. नावाच्या पाट्या कुणी करून घेत नाही. भोंगा झाला की तळघराकडे जायचे बाण आणि 'पाणी पिण्याचे नाही', एवढंच लोकांना हवं असतं. ह्या आठवड्यात सव्वीस बाण काढले. त्यातले दोन जरा वाकडे आहेत, तू पट्टी घेऊन तपासायला येशील म्हणून आधीच कबूल करते. आईचा गुडघा तसाच आहे. तू वेळेवर जेवतोस का, हे तिने तीनदा लिहायला सांगितलंय, मी एकदाच लिहिते.

कळावे. लोभ आहेच, वाढवलास तर आमची काही तक्रार नाही.

तुझी
भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

दोन बाण वाकडे म्हणजे निदान सहा असणार, तुझा हात मला माहीत आहे. लोक तळघराऐवजी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरले नाहीत म्हणजे मिळवली.

आमचं काम तुला एकदा सांगायला हवं. ट्रक आला की जुना नंबर खरवडायचा, अंगभर शेवाळी हिरवा द्यायचा, मग पत्र्याची स्टेन्सिल धरून नंबर, वजन आणि तुकडीची खूण मारायची. नियम असा की सगळा रंग मेलेला हवा. चकाकी राहू नये म्हणून त्यात तेल नाहीच, नुसतं टर्पेंटाईन. पांढरासुद्धा पांढरा नाही, राख कालवल्यासारखा. बावीस वर्षं लोकांना लांबून दिसावं म्हणून रंगवत आलो, आता दिसू नये म्हणून रंगवतो. हाताला हे पटत नाही.

मेहुण्यांचा ट्रक पाहिला आणि मला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत स्टेन्सिल बाजूला ठेवून बगळा हाताने काढला. माझ्या पेटीतला अस्सल पांढरा, तीन हात, चोचीला पिवळा, आणि वरून वॉर्निश. फोरमनने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, त्याचाही जावई तिकडेच आहे. वर्षभर पावसाधुळीत हलणार नाही असं काम झालंय. आईला सांग, त्या एका दिवशी जेवलो नाही, बाकी रोज जेवतो.

कळावे. लोभ घट्ट राहू दे, त्यात टर्पेंटाईन पडू नये.

तुझा
दादा

ता. १९ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझी तार मिळाली असेल. तुला सुट्टी देत नाहीत असं तुझ्या फोरमनने कळवलं, म्हणून पत्राने लिहिते.

ह्यांच्या मागच्या ट्रकचा चालक काल येऊन गेला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून सगळं सांगितलं. सकाळी नऊचा सुमार होता. अकरा ट्रक झाडीत उभे होते, वर जाळी टाकलेली. विमान डोक्यावरून एकदा गेलं, लांब जाऊन वळलं आणि सरळ ह्यांच्या ट्रकवर आलं. ते ट्रकजवळच होते. त्याला स्वतःला एक तुकडा लागला. बाकी कुणाला काही नाही.

मला रडू येत नाही. दुकान उघडते, बाण काढते, बंद करते. आई सारखी माझ्या तोंडाकडे बघते. मला काही होत नाहीये असं मी तिला सांगितलं, तर ती जास्तच घाबरली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. अकरांतला ह्यांचाच का? तू रंगातला माणूस, कुठून काय दिसतं ते तुला कळत असेल. जे असेल ते लिही.

कळावे. लोभ आहे तसा असावा.

भिंगरी

ता. २८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. इकडे काम फार आहे. दिवसाला चौदा गाड्या काढाव्या लागतात. शेवाळी बंद झाला, आता मातकट पिवळा आलाय. तो धड बसत नाही, पहिल्या हाताला खालचा हिरवा वर डोकावतो, मग दुसरा हात द्यावा लागतो आणि वेळ जातो. तीन आणि आठ ह्या आकड्यांच्या स्टेन्सिली वाकल्यात. त्या ठोकून सरळ केल्या तर कडेने रंग पाझरतो. नव्या मागवल्यात, पण येतील तेव्हा खऱ्या. हेडलाइटवर मारायचा काळाही नीट वाळत नाही.

तू विचारलंस त्याचं असं आहे की विमानातून काय दिसतं हे खालच्या माणसाला कसं सांगता येणार. समोरच्या काचेवर ऊन पडतं. कुणी हलतं. चाकांच्या खुणा झाडीपर्यंत गेलेल्या असतात. काहीही असू शकेल. त्यावर फार विचार करू नये.

आईच्या गुडघ्याला शेक देत जा. तूही दोन घास खात जा.

कळावे. लोभ असावा.

दादा

ता. ५ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चार ओळींत सांगायच्या गोष्टीसाठी तू पानभर रंग सांडलास. लहानपणी काही लपवायचं असलं की तू असाच भरभरून बोलायचास, म्हणून आईला लगेच कळायचं.

मीही आता पाट्या रंगवते. वॉर्निश दिलेली पाटी वाळायला बाहेर ठेवली की ऊन चढल्यावर समोरच्या दुकानदाराच्या डोळ्यांवर येते आणि तो कुरकुरत फळी आडवी लावतो. तेव्हा मला शिकवायची गरज नाही. मला तुझ्या हातचं लिहिलेलं हवंय. ते येईपर्यंत मी दुसरं काही लिहिणार नाही.

कळावे.

भिंगरी

ता. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

होय. बगळ्यामुळेच.

तुझी तार आली त्याच्या चौथ्या दिवशी मी एका जुन्या दारावर तसाच बगळा काढला. तेच तीन हात, तेच वॉर्निश. शेडमागच्या झाडाखाली दार उभं केलं, वर जाळी टाकली आणि सकाळी नऊला पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं. दार दिसत नव्हतं. जाळी झाडात मिसळून गेली होती. बगळा दिसत होता. खाली उतरलो आणि त्या दिवसाच्या चौदा गाड्या पुऱ्या केल्या.

नियम मला पाठ होता. मी तुला मोठ्या तोंडाने लिहिलाही होता. तुझ्या नवऱ्याचा ट्रक दहांत उठून दिसावा असं मला वाटलं आणि तो दिसला. मी त्यांना मारलं, असं रोज मनात म्हणून बघतो. काहीच वाटत नाही, पुढचा आकडा मारतो. ह्याची मला भीती वाटते.

माझं तोंड बघू नये असं तुला वाटलं तर मी परत येणार नाही. दुकान तू चालवतेसच, तेच पुढे चालव. आईला काय सांगायचं ते तू ठरव. मागच्या पत्रात काचेचं लिहिलं ते खोटं होतं, त्याची लाज वाटते.

दादा

ता. २२ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. आता माझं ऐकून घे.

फेब्रुवारीच्या शेवटी ह्यांचं एक पत्र आलं होतं, ते मी तुला कळवलं नाही. त्यांच्या साहेबाने ट्रक पाहिला आणि बगळ्यावर चिखल फासायला सांगितलं. ह्यांनी फासला. तुला वाईट वाटेल म्हणून हे तुला कळवू नये असंही लिहिलं. माझं डोकं फिरलं. मी उलट टपाली लिहिलं की माझ्या भावाने उपाशी राहून केलेल्या कामावर चिखल फासताना हात कसा धजला, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत जा, नाहीतर मला पत्र पाठवू नका. ते माझं ऐकायचे, तुला माहीत आहे. चालकाने मला सांगितलं की विमान आलं तेव्हा ते दार पुसत होते.

एवढं ठाऊक असून मी तुला विचारलं. काचेवर ऊन पडलं असेल, असं तू लिहावंस म्हणून विचारलं. तू तसंच लिहिलंस आणि मला ते पुरलं नाही. मग तुझ्याकडून तुझी चूक वदवून घेतली. वाटलं, सगळं तुझ्या नावावर गेलं की माझ्या छातीवरचं उतरेल. उतरलं नाही. तू टाकीवर चढल्याचं वाचलं तेव्हा फक्त एवढंच कळलं की तिथे तू एकटा होतास आणि इथे मी एकटी आहे, आणि दोघंही कामाला लागलो होतो.

आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे तुझं आणि माझं. पण मला हे एकटीला पेलत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये. माझी समजूत घालू नकोस, मीही तुझी घालणार नाही. तू ये आणि घरात बस, एवढंच.

कळावे. लोभ असावा ही विनंती, आणि ह्या खेपेला ती रीत म्हणून लिहिलेली नाही.

तुझी
भिंगरी