पडद्यावरची हाक

ताई,

मी सिनेमात गेले म्हणून तू दार लावून घेतलंस, त्याला अकरा वर्षं झाली. मूकपटात आवाज कुणाला ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक रडण्याच्या प्रसंगात मी तुलाच हाक मारायचे, "ताई, दार उघड गं!" प्रेक्षक डोळे पुसायचे.

परवा बोलपटासाठी आवाजाची परीक्षा झाली. नवऱ्याला हाक मारायची होती. सवयीनं तोंडून "ताई"च निघालं. सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, आवाजही चिरकाच आहे. आता घरी आराम करा."

म्हणून आज तुझ्या गल्लीत आले. तू कपडे वाळत घालत होतीस. केस पार पिकलेत तुझे. माझ्याकडे बघून विचारलंस, "कोण हवंय, बाई?"

"घर चुकले," म्हणाले आणि परत फिरले.

तुझी धाकटी