शेवट हळू वाजवायचा

बाई, हस्तलिखितातही शेवट मोठ्यानंच आहे. तुम्ही म्हणाला होतात तसं काही निघालं नाही. आठवडाभर डोळे फोडून बघितलं, आता थकले, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयानं आपल्या पियानोच्या सोनाटाची मूळ प्रत, म्हणजे खुद्द संगीतकाराच्या हातची, इंटरनेटवर ठेवली आहे. पहिली छापील आवृत्ती आणि तिच्यानंतरची दुसरीही तिथंच मिळाली. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तिन्हींची पानं काढून आणली. मुंग्या चालल्यासारखं दिसते, म्हणाला तो. जेवणाच्या टेबलावर तिन्ही शेजारी शेजारी मांडून मी एकेक ओळ ताडून बघते. संगीतकारबाबाचं अक्षर गचाळ होतं. एके ठिकाणी शाईचा थेंब पडलाय. छापणाऱ्यानं ती खूण समजून सुरावर टिंब दिलं, म्हणजे तो सूर तोडून वाजवायचा. दुसऱ्या आवृत्तीत कुणीतरी ते टिंब काढलं आणि काढता काढता शेजारचे सूर जोडणारी कमानही घालवली. आपण तो शाईचा थेंब वर्षानुवर्षं इमानेइतबारे वाजवत होतो, बाई. अशी चूक सापडली की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. छापणारा इथं चुकला, तर शेवटच्या पानावरही चुकला असेल. नाही चुकला. शेवटच्या ओळीखाली मोठ्यानं वाजवायची खूण तिन्हींत आहे, आणि हस्तलिखितात तर ती इतकी दाबून काढलीय की शाई फाकली आहे.

आई मिशनच्या दवाखान्यात आया होती, म्हणून मी तुमच्या हाताला लागले. शाळा सुटली की तिची ड्यूटी संपेपर्यंत चर्चच्या हॉलमध्ये बसायचं. तुम्ही एक दिवस उठवून पियानोसमोर बसवलंत. मेमध्ये त्याचे सूर उतरायचे, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या, मग ओल सुकावी म्हणून तुम्ही आत एक बल्ब पेटता ठेवायचात. मी शेवटची ओळ जोरात वाजवते आहे, आणि तुमचा हात माझ्या हातावर येतो. "काहून आदळून राह्यली व? शेवट हळू. हे असंच वाजवाचं." तुमच्या तळव्याला खोबरेल तेलाचा वास. पुस्तकात मोठ्यानं लिहिलंय हे मला दिसत होतं, पण तुमच्यापुढं पुस्तकाचं काय चालणार?

मग नागपूरची परीक्षा. परीक्षकानं मला थांबवलं, पानावर बोट ठेवलं आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी ऐटीत दाराकडे बोट दाखवलं. तो उठून बाहेर गेला आणि चार पालकांसमोर तुम्हाला म्हणाला, शिकवणाऱ्यानं निदान छापलेलं तरी वाचावं. नापास मी झाले, पण मान तुमची खाली गेली. परतीच्या एसटीत कळंब येईपर्यंत तुम्ही तेच पान उघडून बसला होतात. मग खिडकीकडे बघत म्हणालात, "छापणारा चुकते कधी कधी. ज्यानं लिवलं त्याच्या हातचं पाहाले भेटलं, तर खरं समजन." त्यानंतर तुम्ही एकाही मुलाला परीक्षेला पाठवलं नाही.

ते वाक्य मी धरून बसले. माझ्या हाताखालच्या मुलांनाही शेवट हळूच शिकवला. त्यांचे मार्क कापले गेले की तुमचंच वाक्य त्यांना ऐकवायचं. एक दिवस मूळ प्रत मिळेल आणि माझ्या बाई खऱ्या ठरतील, एवढंच मला हवं होतं.

काल आई मेथी निवडत होती. तिला सहज म्हटलं, बाई शेवट हळू का वाजवायच्या कोण जाणे. तिनं मान वर न करता सांगितलं, "अव, हॉलच्या भिंतीपल्याड बाळंतिणीचा वार्ड होता ना. लेकरं दचकून उठत. मीच गेलती बाईले सांगाले, शेवट जरा हळू करा म्हून."

आधी मी हसले. मग तुमचा राग आला. सात समुद्रापलीकडचे कागद धुंडाळत होते, आणि कारण आमच्या घरात मेथी निवडत बसलं होतं. एसटीत तुम्हाला हे आठवत नव्हतं का? की एवढ्या मोठ्या परीक्षकसाहेबाला बाळंतिणींचं कारण काय सांगायचं, असं वाटलं? तुम्ही खरंच विसरला असाल, असं मी मानते. तसं मानणं मला सोपं जातं. पण तुमच्या शेवटच्या वर्षांत तो वॉर्ड तिथून हलला होता. भिंतीपलीकडे मोडक्या खाटा होत्या. तरी तुमचा शेवट हळूच.

एका विद्यार्थिनीची परीक्षा जवळ आली आहे. आज तिला शेवट मोठ्यानं वाजवायला सांगितला. एवढे दिवस हळू का, असं तिनं विचारलं, तेव्हा भिंतीची गोष्ट सांगून टाकली. ती म्हणाली, "मंग आता तं कोणी झोपलेलं नाई ना, मॅडम?" नाही, म्हटलं.

ती गेल्यावर मी बसले. तुमचा हात माझ्या हातावर आला, त्या दिवसापासून ती ओळ मी जशी छापली आहे तशी कधी वाजवली नव्हती. पहिल्यांदा हात आपोआप हलका पडला. दुसऱ्यांदा तो रेटला. मागची सगळी पानं ज्या गोष्टीची वाट बघत होती ती आली, आणि खोली भरून गेली. मग मी पट्ट्यांवर डोकं टेकवून रडले, कारण आईनं सांगितल्यापासून तुम्ही हे एकदाही पुरतं ऐकलं नाहीत.

तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही चुकलात हे लिहायला माझा हात कचरला नाही. मला तो शेवट मोठ्यानंच आवडला, हे मात्र तुम्हाला कळू नये असं वाटतं.